मेल गेला, पण पोचला का?

ग्रुपला महत्त्वाचा मेल टाकायचा असला की आपण काय काय करतो? चार वेळा वाचतो, सब्जेक्ट लाइन दोनदा बदलतो, ॲटॅचमेंट लागलीय ना ते बघतो आणि मग देवाचं नाव घेऊन सेंड दाबतो. त्यानंतर? त्यानंतर इनबॉक्सकडे बघत बसतो. कारण आपणही त्याच ग्रुपचे मेंबर आहोत. चाळीस जणांना जाणारा मेल आपल्यालाही यायला हवा, साधा हिशेब आहे.

पण येत नाही. निदान जीमेलवर तरी येत नाही.

हा बिघाड नाही बरं का, गुगलने ठरवून केलेली गोष्ट आहे. प्रत्येक ईमेलला स्वतःचा एक ओळख क्रमांक असतो, त्याला मेसेज-आयडी म्हणतात. आपला मेल ग्रुपला वळसा घालून परत आपल्या दारात येतो तेव्हा त्याच्याकडे बहुतेक वेळा तोच क्रमांक असतो. जीमेल म्हणतं, अरे, हा तर आधीच घरात आहे, सेंटमध्ये बसलाय. मग ते त्याला इनबॉक्समध्ये घेतच नाही. पुढे कुणी उत्तर दिलं तर मात्र ती सगळी चर्चा वर येते. इनबॉक्समध्ये उगाच पसारा नको, हा त्यामागचा हेतू. हेतू चांगलाच आहे. पण सेंटमध्ये असणं आणि पोचणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि हे माझ्या आत्याला गुगलपेक्षा जास्त चांगलं कळतं.

आत्या जिल्हा परिषदेत आवक-जावकच्या टेबलावर होती. बाहेर जाणाऱ्या प्रत्येक पत्राची एक प्रत ऑफिसच्या फायलीत राहते, ती स्थळप्रत. आणि पत्र ज्याला दिलं त्याने आपल्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक टाकून दिला, की ती पोच. स्थळप्रत सांगते आपण काय लिहिलं. समोरच्याच्या हातात ते पडलं, हे सांगते फक्त पोच. रिटायर होऊन इतकी वर्षं झाली तरी मी काहीही कुठेही पाठवलं म्हटलं की तिचा पहिला प्रश्न ठरलेला, "पोच घेतलीस का गं?" सेंट फोल्डर म्हणजे स्थळप्रत. ग्रुपकडून फिरून आपल्याकडे आलेला मेल ही पोच. आणि जीमेल नेमकी तीच दारातून परत पाठवतं.

तुम्ही म्हणाल, एवढं काय त्यात? म्हणून ही गोष्ट सांगते.

आम्हा फ्रीलान्सर पत्रकारांचा एक ईमेल ग्रुप आहे. (व्हॉट्सॲप असताना ईमेल ग्रुप कशाला, असं सगळेच विचारतात. कारण इथे लिहिलेलं दोन वर्षांनीही सापडतं आणि सकाळी सकाळी गुलाबाची फुलं येत नाहीत.) ग्रुपवर मुख्य चर्चा एकच, कोण पैसे वेळेवर देतं आणि कोण टांग मारतं. माझ्या एका मैत्रिणीचं मानधन एका मासिकाने आठ महिने थकवलं होतं. घरभाडं, लॅपटॉपचा हप्ता, सगळं उसनवारीवर चाललेलं. तरी ती गप्प होती, कारण आमच्या धंद्यात तक्रार करणाऱ्याला "डिफिकल्ट" म्हणतात आणि पुढचं काम दुसऱ्याला देतात. शेवटी एका रात्री तिने धीर करून ग्रुपला मेल लिहिला. मासिकाचं नाव, रकमा, तारखा, सोबत सगळ्या बिलांचे स्कॅन. अकरा वाजता सेंड.

सकाळी एकही उत्तर नाही. दुसऱ्या दिवशी नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. सेंटमध्ये मेल ठळक दिसतोय, म्हणजे गेलाय. म्हणजे सगळ्यांनी वाचलाय. म्हणजे सगळे मुद्दाम गप्प आहेत, कारण त्याच संपादकाकडून त्यांनाही काम हवंय! तिच्या डोक्यात असं पूर्ण पिक्चर तयार झालं. त्याच आठवड्यात एका पत्रकार परिषदेत ती भेटली तेव्हा माझ्याशी हो-नाहीच्या पलीकडे बोलली नाही. मला वाटलं, बरं नसेल. चौथ्या दिवशी तिचाच फोन आला. "निदान वाचला एवढं तरी लिहायचं ना गं. माझं काही चुकलं असेल तर तसं सांगायचं."

मी म्हटलं, "कसला मेल?"

मेल मॉडरेशनमध्ये अडकला होता आणि ग्रुपचा ॲडमिन गावच्या जत्रेला गेला होता. चाळीस माणसांपैकी एकानेही तो पाहिलेला नव्हता. आणि ती चार दिवस चाळीस माणसांशी मनातल्या मनात भांडत होती.

आता यात खरी गंमत बघा. मेल पोचला असता तरी तिच्या इनबॉक्समध्ये काही आलं नसतं, आणि अडकला तरीही काही आलं नाही. दोन्ही वेळा चित्र सेम! ग्रुपवरचा आपला मेल आपल्याला परत येतोच असा नियम असता, तर "आला नाही" या गोष्टीलाच काही अर्थ राहिला असता. रात्री सव्वाअकराला तिला कळलं असतं की कुठेतरी लोच्या आहे. ॲडमिनला एक फोन, विषय संपला.

आमच्या पिढीला हे जास्त लागतं, कारण व्हॉट्सॲपने सवय लावलीय. एक टिक म्हणजे गेला, दोन म्हणजे पोचला, निळ्या म्हणजे वाचला. ग्रुपमध्ये तर सगळ्यांना पोचल्याशिवाय दुसरी टिक येतच नाही. त्या जगातून ईमेलकडे आलं की एकदम अंधारात हाक मारल्यासारखं वाटतं.

आणि पोच हा एकच मुद्दा नाही. मेल दिसला कसा, हेही महत्त्वाचं. काही ग्रुप ॲटॅचमेंट काढून टाकतात, खाली स्वतःची शेपटी जोडतात, सब्जेक्टच्या आधी कंसात ग्रुपचं नाव चिकटवतात. मराठीत लिहिणाऱ्यांना तर विचारूच नका. आपल्या सेंटमध्ये सुरेख देवनागरी आणि समोरच्याकडे प्रश्नचिन्हांची रांग, हा अनुभव ज्याने घेतला त्यालाच कळतो.

तसं पाहिलं तर ईमेलचा जन्मच स्वतःला पाठवण्यातून झालाय. १९७१ मध्ये रे टॉमलिन्सन यांनी अमेरिकेत केंब्रिजला शेजारी शेजारी ठेवलेल्या दोन कॉम्प्युटर्सवर चाचणी घेतली, ती स्वतःलाच मेल पाठवून. दुसऱ्या मशीनवर जाऊन बघायचं, आला का. काय लिहिलं होतं ते पुढे त्यांना आठवतही नव्हतं. पोचतं की नाही, एवढंच बघायचं होतं!

हिंजवडीत आयटीत असलेल्या माझ्या मित्राला हे सगळं सांगितलं तर तो उखडलाच. "मला दिवसाला दीडशे मेल येतात. त्यात माझेच मेल मला परत? वेड लागलंय का?" त्याच्या ऑफिसात जुन्या पद्धतीच्या मेलिंग लिस्ट आहेत. त्यावर टाकलेला मेल टाकणाऱ्यालाही येतो. वर त्याचं म्हणणं असं, की स्पेलिंगची चूक नेमकी परत आलेल्या प्रतीतच दिसते, आणि तोवर ती बॉससकट साठ जणांनी वाचलेली असते. हा मुद्दा मला मान्य आहे.

मग तू काय करतोस, असं विचारलं. म्हणाला, आउटलुकमध्ये रूल लावलाय, माझे मेल थेट वेगळ्या फोल्डरमध्ये जातात.

म्हणजे बघा! आलेला मेल नको असेल तर त्याला बाजूला सारता येतं. पण जो इनबॉक्समध्ये घेतलाच नाही, त्याला आणायला मी कुठला रूल लावू? म्हणून माझं म्हणणं, प्रत आधी द्यावी आणि नको असेल त्याने बंद करावी. यात अवघड काही नाही. मेलमन नावाच्या जुन्या ग्रुप-सॉफ्टवेअरमध्ये आपले मेल आपल्याला हवेत का आणि पोच हवी का, असे दोन वेगळे पर्याय आहेत. मायक्रोसॉफ्टच्या ग्रुप्समध्येही आउटलुकच्या सेटिंगमध्ये तशी सोय आहे. तिथे फक्त टिक करायची.

जीमेलवाल्यांनी तोवर काय करायचं? स्वतःला बीसीसी ठेवणं उपयोगाचं नाही, कारण ती प्रत थेट आपल्याकडे येते, ग्रुपपर्यंत जाऊन नाही. मी माझा दुसऱ्या कंपनीचा एक जुना पत्ता ग्रुपमध्ये मेंबर करून ठेवलाय. मेल टाकला की तिकडे डोकावते. मैत्रिणीनेही तेच केलंय.

तिचा तो मेल ॲडमिनने जत्रेतूनच मोबाइलवरून सोडला. त्या रात्री एकोणीस उत्तरं आली. त्याच मासिकाने आणखी तिघांचे पैसे थकवल्याचं निघालं. चौघांनी मिळून एक पत्र लिहिलं आणि आत्याच्या आग्रहाखातर ते मेल न करता हातोहात नेऊन दिलं. रिसेप्शनवरची मुलगी आधी शिक्का द्यायला तयार नव्हती, पण अर्धा तास सोफ्यावर बसून राहिल्यावर दिला. दोघांचे पैसे आलेत. मैत्रिणीचे अजून यायचे आहेत.