झेंडू आणि शेवंती

दसऱ्याच्या आदल्या दिवशी दादरच्या फुलबाजारात झेंडूचे ढीग लागतात, आणि त्यांच्या शेजारी, जरा मानानं ठेवलेल्या टोपल्यांत, शेवंती असते. दोन्ही सूर्यफुलाच्या कुळातली. आपण एक फूल म्हणून खुडतो, तो खरं तर शेकडो बारीक फुलांचा मेळा असतो. वाळलेला झेंडू हातात घेऊन उसकटून पाहा. पाकळी ओढली की तिच्या तळाशी काळं, काडीसारखं बी निघतं.

झेंडूवर माझा जीव जडला तो या सढळपणामुळं. तोरणातलं फूल वाळवून कुंडीत चुरगाळलं तरी पावसाळ्यात रोपं उभी राहतात. संकरित वाणाची असली तर फुलं आईसारखी येतीलच असं नाही, पण येतात भरभरून. त्याला ऊन हवं, बुडाशी पाणी साचू नये, आणि रोप वितभर झालं की शेंडा खुडावा, म्हणजे फांद्या फुटतात. टोमॅटोच्या कडेनं शेतकरी तो मुद्दाम लावतात. फळ पोखरणाऱ्या अळीचा पतंग अंडी घालायला झेंडूकडे वळतो, आणि झेंडूची मुळं जमिनीतल्या सूत्रकृमींना आवरतात. इतकं करूनही तो राहतो दारावर, गाडीवर, यंत्रावर. वेणीत गुंफली जाते ती शेवंती.

शेवंती मात्र वाट पाहायला लावते. फुलून गेलेल्या झाडाच्या बुडाशी काश्या फुटतात, त्या अलगद सोडवून लावायच्या. पावसात पाणी तुंबलं की मुळं कुजतात, कोवळ्या शेंड्यांवर मावा बसतो. एवढं सांभाळलं तरी ती लगेच फुलत नाही. दिवस लहान होऊन रात्र लांबली, की मगच तिला कळी धरते. रस्त्याच्या दिव्याखाली सापडलेली शेवंती हिरवीगार वाढते, पण फुलायचं लांबवत राहते. पानांना अंधाराची लांबी कळते, हे मला दरवर्षी नव्यानं थक्क करतं. भाद्रपदात तिच्या शेंड्यांकडे मी रोज बघते.

झेंडूचं मूळ घर मेक्सिको. तिथं 1 आणि 2 नोव्हेंबरला गेलेल्या माणसांचा सण असतो. रंगावरून, वासावरून त्यांना घर सापडावं म्हणून झेंडूच्या पाकळ्यांच्या वाटा अंथरतात. त्याच सुमारास फ्रान्समध्ये लोक कबरींवर शेवंतीच्या कुंड्या ठेवतात, आणि म्हणूनच तिथं कुणाच्या घरी भेट म्हणून शेवंती नेत नाहीत. जपानात तीच सोळा पाकळ्यांची शेवंती सम्राटाच्या घराण्याचं चिन्ह आहे. आपल्याकडे ही दोन्ही फुलं लग्नाच्या मांडवात असतात, गणपतीच्या मखरात असतात आणि अखेरच्या हारातही असतात. सुखाची फुलं वेगळी आणि दुःखाची वेगळी, अशी वाटणी आपण केली नाही. मला हीच रीत जवळची वाटते.

यंदा दोन्ही लावणार असाल, तर झेंडूला भर उन्हाची जागा द्या, आणि शेवंतीला रात्री दिव्याचा उजेड पोचणार नाही असा कोपरा.