वाक्प्रचाराला दाखला लागतो

संपादकांनी यंदा ‘इंग्रजी वाक्प्रचारांच्या गमतीदार जन्मकथा’ लिहायला सांगितल्या. इंग्रजी बोलभाषेचे कोश करण्यात माझी हयात गेली. ‘गमतीदार’ या हट्टापायीच या विषयाचं वाटोळं झालं आहे, हे आधी सांगितलं पाहिजे.

गेल्या पावसाळ्यात आमच्या आगरदांड्याचा एक मुलगा सुट्टीवर आला होता. तो बोटीवर इंजिनरूममध्ये कामाला असतो. त्याने मोबाइलवर आलेला मजकूर दाखवला : ‘पॉश’ म्हणजे ‘पोर्ट आउट, स्टारबोर्ड होम’. विलायतेहून मुंबईला येताना आगबोटीची डावी बाजू सावलीत, परतताना उजवी. म्हणून श्रीमंत साहेब त्या केबिनी घेत आणि तिकिटावर या चार शब्दांची आद्याक्षरं उठत. हे खरं नाही म्हटल्यावर तो हिरमुसला. “पण सर, सावलीचा हिशेब तर बरोबर आहे ना?” हा प्रश्न माझ्या डोक्यातून जात नाही, कारण लोक नेमके इथेच फसतात.

हिशेब बरोबर आहे, पण त्याने शब्दाचा जन्म सिद्ध होत नाही. पी अँड ओ या आगबोट कंपनीचं असा शिक्का असलेलं एकही तिकीट आजवर मिळालेलं नाही. ‘झकपक’ या अर्थाने हा शब्द १९१४ पासून छापील सापडतो. आद्याक्षरांची कथा १९३५ च्या सुमारास अवतरते. शिवाय आद्याक्षरं जोडून शब्द घडवण्याची चाल पहिल्या महायुद्धाआधी फारशी नव्हतीच. १८९० च्या आसपासच्या बोलभाषेच्या कोशात ‘पॉश’ म्हणजे छानछोकी माणूस असा अर्थ आहे. नातं तिथे असू शकेल, पण मधले दुवे जुळत नाहीत. म्हणून कोशात ‘व्युत्पत्ती अज्ञात’ असं छापावं लागतं. त्या दोन शब्दांमागे किती कागद चाळलेले असतात हे वाचकाला दिसत नाही. त्याला वाटतं, कोशकाराने अभ्यासच केला नाही. याचा मला मनापासून त्रास होतो.

दाखला असलेली गोष्ट हवी, तर ती नाशिकजवळच्या देवळालीत आहे. डोकं फिरलेल्या माणसाला इंग्रजीत ‘डुलॅली’ म्हणतात. मूळ रूप ‘डुलॅली टॅप’, म्हणजे देवळालीचा ताप. मुदत संपलेले गोरे शिपाई देवळालीच्या छावणीत मायदेशी जाणाऱ्या बोटीची वाट पाहत. फौजेच्या बोटी थंडीच्या मोसमात सुटत. मोसम सरल्यावर ज्याची मुदत भरे, त्याचे पुढचे कित्येक महिने काम ना धंदा, वर ऊन आणि दारू. १९२५ च्या सैनिकी शब्दकोशात हा प्रयोग नोंदलेला आहे, आणि फ्रँक रिचर्ड्स या शिपायाने १९३६ च्या आठवणींत ही रखडपट्टी लिहून ठेवली आहे. तिथे वेड्यांचं इस्पितळ होतं म्हणून शब्द पडला, असं सर्रास सांगतात. मला ते पटत नाही; माणूस बिघडायला ती रखडपट्टीच पुरेशी होती.

कुठलीही जन्मकथा पुढे पाठवण्याआधी एवढं विचारा : हा प्रयोग प्रथम कुठे छापला, केव्हा, कोणत्या अर्थाने? आणि एक विनंती. आगरदांडा, मुरूड, श्रीवर्धनच्या घराघरांत बोटींवर आयुष्य काढलेली वडीलधारी माणसं आहेत. त्यांच्या तोंडचे बोटीवरचे शब्द, बोटीच्या नावासह आणि सालासह, आजच वहीत उतरवून ठेवा.