भिवंडीची नवी हुंडी

ठाण्याहून बाळकूम सोडून कशेळीच्या पुलावर आले की उल्हासची खाडी लागते, आणि खाडीपलीकडची हवाच निराळी. काल्हेर, राहनाळ, पूर्णा ही नावे ऐकून कोणाला भाताची खाचरे आठवावीत. पण आज तेथे नजर पोचेल तेथवर गोदामांची पत्र्याची छपरे. मुंबईकर घरबसल्या जे जे मागवतात, त्यातले पुष्कळसे आधी येथे येऊन विसावते. वसईच्या मोहिमेत नाव गाजवलेले गंगाजी नाईक ज्या अंजूरचे, त्या गावाची ओळख प्रवाशाला उरली आहे ती एका फाट्यापुरती. फाटा मागे टाकून धामणकर नाक्याशी उतरावे, आणि मग भिवंडी डोळ्यांनी नव्हे, कानांनी ओळखावी. खटक् खटक् खटक्! बोळाबोळांतून यंत्रमागांचा हा जप चालू असतो. गावकऱ्यांना तो ऐकू येत नाही. बंद पडला की मात्र दचकून जागे होतात.

उत्तर प्रदेशातून आलेले मोमीन विणकर, तेलंगणातून आलेले पद्मशाली आणि सुताचे मारवाडी-गुजराती व्यापारी अशा तिपेडी दोराने हे गाव वळले आहे. माझा एक जुना विद्यार्थी यांपैकी पद्मशाली. घरी तेलुगू, बाजारात हिंदी आणि परीक्षेपुरते माझे मराठी, असा त्याचा त्रिभाषिक संसार. त्याच्या वडिलांचे थोडे माग आहेत. व्यापाऱ्याने सूत द्यावे, यांनी कापड विणून द्यावे आणि मीटरमागे मजुरी घ्यावी, ही येथली सर्रास रीत. सूत आधी, कापड नंतर, पैसे त्याहून नंतर. आणि मध्ये दलाल. एक दलाल चार वर्षांपूर्वी तीन महिन्यांची मजुरी घेऊन गावातून नाहीसा झाला, तेव्हापासून वडिलांना ‘मधला माणूस’ हे शब्द उच्चारले तरी ठसका लागतो.

मुलाने मला बोलावले होते ते निराळ्याच कामासाठी. त्याने काही वर्षांत थोडी आभासी नाणी जमवली होती. लाइटकॉइन हे त्यांचे नाव. ती देऊन त्याला बिटकॉइन घ्यायचे होते. रक्कम एखाद्या जुन्या मागाच्या किमतीएवढी. “सर, नान्ना तुमचं ऐकतात. तुम्ही नुसते बसा,” एवढेच तो म्हणाला. मराठीच्या अध्यापकाला कोण कशासाठी बोलावील, याचा नेम नाही!

लाइटकॉइन आणि बिटकॉइन या दोन निराळ्या पेठा. प्रत्येकीची वही निराळी, आणि एका वहीला दुसरीतले अक्षर वाचता येत नाही. म्हणून बहुतेक लोक आपली नाणी एखाद्या बाजारचालकाच्या स्वाधीन करतात आणि तो अदलाबदल करून देतो. तोवर नाणी त्याच्या तिजोरीत. टोकियोच्या माउंट गॉक्सची तिजोरी 2014 साली रिकामी निघाली. 2024 च्या जुलैत वझीरएक्स या भारतीय बाजारातून 23 कोटी डॉलरांच्या आसपास नाणी चोरीस गेली. दुसरी वाट ‘पुलां’ची. तेथे आपले नाणे अलीकडे ठेवायचे आणि पलीकडे त्याची पावती घेऊन फिरायचे. भिवंडीकराला हे समजावून सांगायला नको. गोदाम लुटले गेले की पावतीचा कागद होतो. रोनिन नावाच्या पुलाचे 2022 च्या मार्चमध्ये तसेच झाले, साठ कोटी डॉलरांहून अधिक गेले.

मुलगा तिसऱ्या वाटेने निघाला होता. तिच्यात मधला माणूसच नाही. 2013 च्या सुमारास ही कल्पना निघाली आणि 2017 साली या दोन नाण्यांचा असा सौदा प्रत्यक्षात पार पडला. मुलगा आधी एक गुप्त शब्द ठरवतो. गणिताने त्याचा एक ठसा निघतो. शब्दावरून ठसा काढता येतो, ठशावरून शब्द काढणे मात्र कोणालाही साधत नाही. तो ठसा लावून मुलगा आपली नाणी आपल्या पेठेत कुलूपबंद करतो. समोरच्याने गुप्त शब्द दाखवला तर नाणी त्याची. 48 तासांत कोणी न दाखवला तर मुलाची त्यालाच परत. समोरचा आपल्या पेठेत त्याच ठशाचे कुलूप लावतो, मुदत मात्र 24 तासांची. मग मुलगा शब्द दाखवून बिटकॉइन उचलतो. पण उचलताना तो शब्द सर्वांदेखत वहीत उमटतो, आणि समोरचा तोच शब्द घेऊन लाइटकॉइन उचलतो. दुसऱ्याची मुदत निम्मी का, हे वडिलांनी लगेच ओळखले. “म्हणजे पोराने अगदी शेवटच्या घटकेला उचललं तरी त्या माणसाला एक दिवस उरतो.”

“आणि मुदतीची हुंडी तरी काय निराळी?” असेही ते म्हणाले. मला आमच्या जुन्या शब्दांची आठवण झाली. दर्शनी आणि मुदती हुंडी, पतवाल्या असामीलाच पैसे मिळावेत म्हणून शहाजोग, हरवली तर पैठ, तीही हरवली तर परपैठ, आणि पैसे चुकते होऊन रद्द झालेल्या हुंडीला खोखा! मुंबईच्या बोलीत आज त्याचा अर्थ कोटी रुपये. रद्दीला एवढा भाव दुसऱ्या कोणत्या भाषेत मिळाला असेल? पण हुंडीच्या मागे पेढीची पत उभी असे. येथे पत कोणाचीच नाही. कुलूप आणि घड्याळ.

हे सारे बिनधोक आहे, असे मी म्हणणार नाही. भाव फिरला तर शब्द ज्याच्या हाती तो सौदा सोडून देऊ शकतो, आणि समोरच्याची नाणी दिवसभर विनाकारण अडकून पडतात. नफ्यावर 2022 पासून 30 टक्के कर आहे, तो या वाटेनेही चुकत नाही. आणि मुदत टळू देणाऱ्या आळशाला कोणी वाली नाही.

दुपारी मुलाने आपले कुलूप लावले. तासाभराने पलीकडचेही लागले. आता शब्द दाखवायचा, तोच वीज गेली. माग एकदम थांबले. त्या शांततेने कान दुखू लागले. संगणक काळा. वडील उठून खुंटीवरच्या घड्याळाखाली जाऊन उभे राहिले. “चोवीस तास आहेत, नान्ना,” मुलगा म्हणाला, पण स्वतः तीन वेळा बाहेर जाऊन खांबावरच्या तारा पाहून आला. कामगारांनी तेवढ्यात तुटलेले धागे गाठून घेतले, चहा आला, दोनदा आला.

दोन तासांनी वीज आली. आधी मागांना, मग आम्हाला कंठ फुटला. मुलाने शब्द दाखवला. बिटकॉइनच्या वहीत एक नोंद चढायला साधारण दहा मिनिटे लागतात. ती दहा मिनिटे त्या खोलीत कोणी बोलले नाही. नोंद चढली. थोड्या वेळाने लाइटकॉइनच्या कुलपातली नाणीही पलीकडच्याने नेली.

“कोण होता तो?” वडिलांनी विचारले.

“माहीत नाही, नान्ना.”

“कुठला?”

“तेही नाही.”

वडील बराच वेळ त्या पडद्याकडे पाहत राहिले. मग त्यांनी चष्मा पुसला आणि मुलाला विचारले, “सूत उधारीवर देणाऱ्यांना हे कुलूप लावता येतं का रे?” मुलगा म्हणाला, सूत वहीत कुलूपबंद होत नाही, ते टेम्पोत येतं. वडिलांनी मान हलवली आणि तुटलेल्या ताण्याचे काय झाले ते पाहायला मागांकडे निघून गेले.