चित्राआधीची धून

कार्टूनपटांचे संगीत हा धर्मगुरूने लिहिण्याजोगा विषय आहे काय, अशी शंका काही वाचकांच्या मनात येईल. आमच्या मनात ती येत नाही. सेमिनरीत ऑर्गनवर बोटे बसवण्याचे जे थोडेफार शिक्षण मिळाले, त्यामुळे आरंभीचे संगीत किती लांबवावे आणि कुठे थांबवावे, याकडे आमचा कान आपोआप जातो. शिवाय उन्हाळी शिबिरांत मुलांसोबत जुने कार्टूनपट आम्ही पुष्कळ पाहिले. पडद्यावर नाव उमटण्याआधीच, केवळ पहिल्या चार स्वरांवरून, मुले ओरडतात : हा सशाचा, हा मांजर-उंदराचा, हा पालक खाणाऱ्या खलाशाचा!

ही ओळख एका दिवसात घडलेली नाही. वॉर्नर ब्रदर्स या अमेरिकन कंपनीने 1930 मध्ये ‘लूनी ट्यून्स’ आणि 1931 मध्ये ‘मेरी मेलोडीज’ या मालिका सुरू केल्या, त्यामागचा हेतू सरळ व्यापारी होता. कंपनीने गीतप्रकाशन संस्था विकत घेतल्या होत्या. त्यांची गाणी लोकांच्या कानांवर पडावीत आणि स्वरलिपीच्या प्रती खपाव्यात, यासाठी ‘मेरी मेलोडीज’च्या चित्रांत ती गुंफली जात. आरंभीची धूनही उसनीच असे. ‘मेरी मेलोडीज’ची पहिली धून म्हणजे हॅरल्ड आर्लन यांनी संगीतबद्ध केलेले ‘गेट हॅपी’ हे 1930 चे गाणे. 1933 मध्ये फ्लायशर बंधूंच्या स्टुडिओने निराळी वाट धरली. त्यांच्या पॉपायसाठी सॅमी लर्नर यांनी खास गीत रचले, आणि खलाशी आपली ओळख आपणच गाऊन देऊ लागला.

यानंतर 1936 साली कार्ल स्टॉलिंग वॉर्नरच्या कार्टूनपटांचे संगीतकार म्हणून आले. येथे आम्ही थोडे रेंगाळणार आहोत, कारण हा मनुष्य मुळात ऑर्गनवादक होता. मूकपटांच्या काळात कॅन्सस सिटीतील चित्रगृहात तो पडद्याकडे पाहत ऑर्गन वाजवीत असे. चर्चमधील ऑर्गनवादकालाही हे काम अपरिचित नाही. मिरवणूक वेदीपाशी पोहोचायला वेळ लागला तर तो एक आवर्तन वाढवतो, लवकर पोहोचली तर स्वर आवरते घेतो. डोळे एकीकडे, हात दुसरीकडे! कॅन्सस सिटीतच स्टॉलिंग यांची वॉल्ट डिस्ने यांच्याशी ओळख झाली, आणि 1929 च्या ‘द स्केलेटन डान्स’ या डिस्नेपटाची मूळ कल्पनाही त्यांचीच.

कार्टूनपटात मात्र अंदाजाने भागत नाही. सेकंदाला चोवीस चौकटी पुढे सरकतात. दर बारा चौकटींना एक ठोका धरला की मिनिटाला एकशे वीस ठोके होतात. या हिशेबाने पावलापावलाला स्वर बांधला जाई. असे संगीत स्टॉलिंग यांनी सरासरी आठवड्याला एका चित्रासाठी, 1958 मध्ये निवृत्त होईपर्यंत लिहिले.

त्यांच्याच काळात दोन्ही मालिकांच्या धुना स्थिरावल्या. ‘मेरी मेलोडीज’ला 1936 पासून ‘मेरिली वी रोल अलाँग’ आणि ‘लूनी ट्यून्स’ला 1937 पासून ‘द मेरी-गो-राउंड ब्रोक डाउन’. दोन्ही त्या काळची लोकप्रिय गाणी. दुसऱ्या शीर्षकाचा अर्थ, जत्रेतले फिरते लाकडी घोडे बंद पडले! शब्द गळाले, लय वाढली, पितळी वाद्ये पुढे आली. प्रारंभी ताणलेली तार सोडून द्यावी तसा गिटारचा घसरता स्वर, मागोमाग वर्तुळांतून झेपावणारे कंपनीचे चिन्ह. गाणे कोणाचे होते हे लोक विसरले. ते सशाचे आणि बदकाचे झाले.

1958 मध्ये अमेरिकेत वादकांचा संप झाला. सहा चित्रांचे संगीत तयार ध्वनिमुद्रणांच्या साठ्यातून जोडावे लागले, आणि ते बेतलेले नसल्याचे कानाला लगेच कळते. 1964 पासून विल्यम लाव्हा यांनी जुन्या धुनेला कर्कश, आधुनिक वळण दिले. आम्हांला ते रुचत नाही.

तोवर दूरचित्रवाणी आली होती. तिथे प्रेक्षक अंधारात बसलेला नसतो, तो स्वयंपाकघरात असतो. त्याला हाक मारून आणावे लागते. म्हणून हॅना-बार्बेरा यांच्या ‘फ्लिंटस्टोन्स’ची पहिली दोन पर्वे 1960 पासून नुसत्या वाद्यधुनेवर निघाली, तरी 1962 मध्ये, तिसऱ्या पर्वात, कुटुंबाचे नाव गाऊन सांगणारे गीत आले. संगीतकार हॉइट कर्टिन. या हाकेचे सामर्थ्य आपल्याकडे 1993 मध्ये दिसले. मोगलीची मालिका जपानी होती. दूरदर्शनसाठी गुलजार आणि विशाल भारद्वाज यांनी तिला हिंदी शीर्षकगीत दिले. तेव्हा आम्ही सेमिनरीत होतो. रविवारची मिस्सा संपताच मुले चर्चच्या पायऱ्या दोन-दोन करून का उतरतात, हे कोणास विचारावे लागत नसे.

एक गोष्ट मात्र आम्हांस सलते. 1943 पासून वॉर्नरने जुने रंगीत चित्रपट ‘ब्लू रिबन’ या नावाने पुन्हा प्रदर्शित केले. त्या वेळी मूळ शीर्षके कापून त्या जागी नवी पाटी जोडली गेली. पुष्कळ चित्रांतून दिग्दर्शक, चित्रकार, संगीतकार यांची नावे गेली, आणि अनेकदा मूळ आरंभधूनही. सशाचा पहिला चित्रपट मानला जाणारा 1940 चा ‘अ वाइल्ड हेअर’ यातून सुटला नाही. दिग्दर्शक टेक्स एव्हरी यांचे नाव पडद्यावरून नाहीसे झाले. गायनवृंदाच्या जुन्या छायाचित्रामागे नावे लिहून ठेवा, असा आग्रह आम्ही धर्मग्रामात का धरतो, हे आता काहींच्या लक्षात येईल. ‘अ वाइल्ड हेअर’ची मूळ शीर्षके पुढे मिळाली आणि परत जोडली गेली. कित्येक चित्रांची अद्याप मिळालेली नाहीत.