वाळूजचा टूलरूमवाला लिंक्डइनवर

आमच्या वाळूजमध्ये नोकरीची बातमी कंपनीच्या बसमध्ये कळायची. १९८५ मध्ये बजाज ऑटोचा कारखाना इथे सुरू झाला, सुटे भाग पुरवणाऱ्या कंपन्या वाढत गेल्या, आणि कुठल्या टूलरूमला माणूस हवाय हे बजाजनगरच्या टपरीवर आधी समजायचं, पेपरात नंतर. मीही तसाच लागलो. आयटीआयच्या सरांनी एका सुपरवायझरना शब्द टाकला, त्यांनी ट्रायलला बोलावलं, आणि पुढची वीसेक वर्षं ॲल्युमिनियम प्रेशर डाय कास्टिंगच्या डायांमध्ये गेली.

आता जवळच्या बिडकीनचं चित्र वेगळं आहे. २०२४ मध्ये एथर एनर्जीने तिथे ऑरिक या औद्योगिक नगरीत कारखाना जाहीर केला, टोयोटा किर्लोस्करने राज्य सरकारशी करार केला. या कंपन्यांची मुख्य कार्यालयं कर्नाटकात. तिथे बसून माणसं निवडणाऱ्यांना आमची टपरी कुठून ठाऊक असणार? माझी मुलगी इंजिनीअरिंगला आहे. ती म्हणाली, "पप्पा, तुम्ही लिंक्डइनवर नाहीच. त्यांना तुम्ही सापडणार कसे?"

खातं उघडणं सोपं होतं. नंतर मात्र काही सुचेना. नावाखाली एक ओळ मागतात, तिला २२० अक्षरांची मर्यादा. खाली स्वतःबद्दल लिहायला २,६०० अक्षरं. नमुना म्हणून इतरांची पानं चाळली, तर जो तो उत्साही, ध्येयवेडा आणि परिणामकारक. त्यातला एकही माणूस नक्की काय काम करतो ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. माझ्याकडे तसले शब्द नव्हते आणि मला ते नकोही होते.

शेवटी मुलगीच विचारायला बसली.

"दिवसभर काय करता?"

"डाय बघतो."

"बघता म्हणजे?"

मग सांगत गेलो. साडेसहाशे अंशांच्या आसपास तापलेला ॲल्युमिनियमचा रस दाबाने डायमध्ये, म्हणजे साच्यात, जातो, गार होतो, भाग बाहेर पडतो. असे हजारो शॉट झाले की डायच्या अंगावर बारीक भेगांची जाळी धरते आणि ती प्रत्येक कास्टिंगवर उमटते. कुठे इजेक्टर पिन अडकते. कूलिंग लाईनमध्ये क्षार साचला की ती जागा तापत राहते आणि धातू डायलाच चिकटतो. आम्ही त्याला सोल्डरिंग म्हणतो. रात्रपाळीत लाईन थांबली की फोन मला येतो, आणि कास्टिंगवर चिकटल्याची खूण कुठे आहे त्यावरून कुठली कूलिंग लाईन तुंबली असेल ते मी बहुतेक वेळा डाय उतरवण्याआधीच सांगतो.

"हे कुठे लिहिलंय?" तिने विचारलं.

कुठेच नव्हतं. बायोडाट्यात 'डाय मेंटेनन्स' एवढे दोनच शब्द होते. आम्हा टूलरूमच्या लोकांचं सगळं ज्ञान हातात असतं आणि कागदावर फक्त हुद्दा. माणूस निवृत्त झाला की ते ज्ञान त्याच्याबरोबर घरी जातं, याचं मला मनापासून वाईट वाटतं. म्हणून ठरवलं, विशेषण एकही नाही, फक्त काम. वरच्या ओळीत टूलरूम, प्रेशर डाय कास्टिंग, डाय मेंटेनन्स. खाली लिहिलं की कूलिंग लाईन ठरावीक शॉट्सनंतर साफ करायची पद्धत बसवली, त्यामुळे सोल्डरिंगसाठी डाय उतरवणं कमी झालं. 'मी' लिहिताना हात अडखळत होता, कारण ते काम आम्ही तिघांनी केलं होतं. मग तिघांनी केलं, असंच लिहिलं. ॲप मराठीतही चालतं, पण माणसं शोधणारे शोधतात इंग्रजीत, त्यामुळे मजकूर इंग्रजी ठेवला. शहराचं नाव नवं आणि जुनं दोन्ही घातलं. बाहेरचा माणूस अजूनही औरंगाबाद टाकून शोधू शकतो, आणि औरंगाबाद बिहारमध्येही आहे.

ग्राहकाचं नाव, ड्रॉइंग, पार्टचा फोटो यातलं काहीही टाकायचं नाही, हे मात्र मी आधीच बजावलं होतं. शॉप फ्लोअरवरचे फोटो मिरवणारी पोरं मला दिसली. ते चूकच आहे. ज्या कंपनीचं मीठ खातो तिचं ड्रॉइंग जगाला दाखवणारा माणूस नवी कंपनी तरी कशाला घेईल? माझा फोटो घरच्या भिंतीपुढे काढला.

सगळ्यात घाबरवलं ते सेटिंगने. नोकरी शोधतोय हे दोन प्रकारे सांगता येतं. एकात फोटोभोवती हिरवी कड येते आणि ती सगळ्यांना दिसते. दुसऱ्यात ते फक्त माणसं शोधणाऱ्यांना दिसतं. स्वतःच्या कंपनीतल्या अशा लोकांपासून ते लपवायचा प्रयत्न लिंक्डइन करतं, पण पूर्ण हमी देत नाही, तसं तिथे स्पष्ट लिहिलेलं आहे. वाळूजमध्ये शब्द फिरायला एक पाळीसुद्धा लागत नाही. म्हणून मी दोन्ही प्रकार बंद ठेवले. पानावरचा बदल ओळखीच्यांना कळवणारं बटणही बंद केलं.

ओळखी जोडताना मुलीने एक गोष्ट सांगितली ती पटली. मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९७३ मध्ये मांडलं होतं की नव्या नोकरीची खबर जिवलगांपेक्षा लांबच्या ओळखीतून जास्त येते, कारण जिवलगांना ठाऊक असतं तेच आपल्यालाही ठाऊक असतं. २०२२ मध्ये लिंक्डइनच्या सुमारे दोन कोटी लोकांवरचा अभ्यास 'सायन्स'मध्ये आला. त्यातही फार जवळच्या नव्हे आणि अगदी पुसटही नव्हे, अशा मधल्या ओळखी सर्वांत उपयोगी दिसल्या. आमच्या टपरीवर तरी दुसरं काय व्हायचं? सुपरवायझरना माझं नाव सांगणारे सर काही माझे नातेवाईक नव्हते. म्हणून बसमधल्या रोजच्या सोबत्यांऐवजी आयटीआयच्या बॅचचे, चाकणला आणि होसूरला गेलेले शोधले. नुसती विनंती न धाडता दोन ओळी लिहिल्या, कुठल्या बॅचचा, आता काय करतो. चाकणच्या मित्राने त्याच दिवशी फोन केला. नोकरीचं काही बोलला नाही. त्याच्याकडच्या एका डायला सोल्डरिंगचा त्रास होता, त्यावर आम्ही तासभर बोललो.

सोबत फसवे निरोपही आले. मुलाखतीआधी पैसे भरा म्हणणाऱ्याला मुलीने लगेच ब्लॉक केलं.

येत्या रविवारी टूलरूममधली दोन पोरं आपलं पान बनवायला घरी येणार आहेत. त्यांना सांगून ठेवलंय, फोटो नंतर बघू, आधी वर्षभरात कुठली डाय का उतरवली आणि तिला काय केलं ते वहीत लिहून आणा.