गोव्याला जाताय? एक सकाळ जुन्या गोव्यासाठी ठेवा

मैत्रिणींनो, गोव्याची सहल म्हटली की समुद्र, मंगेशी-शांतादुर्गा आणि निघताना काजूची खरेदी, एवढा बेत ठरलेलाच असतो. पण चंद्रपूर-गडचिरोलीकडून इतका लांबचा प्रवास करून जाणारच आहात, तर एक सकाळ जुन्या गोव्यासाठी राखून ठेवा. पणजीहून बसनं दहा-एक किलोमीटर. तिथं सेंट फ्रान्सिस ऑफ असिसीच्या चर्चला लागून जुना मठ आहे. त्यात पुरातत्त्व खात्यानं १९६४ साली एक छोटं संग्रहालय थाटलं.

तिथला आफोंसो द अल्बुकर्कचा भला मोठा पुतळा पाहा. यानं १५१० साली गोवा जिंकला. पूर्वी हा पुतळा पणजीत दिमाखात उभा होता. गोवा १९६१ साली मुक्त झाला आणि आता स्वारी छपराखाली! त्याच इमारतीत कदंबांच्या काळचे वीरगळ आहेत, सतीशिळा आहेत, देवांच्या मूर्ती आहेत. मार्कंड्याच्या देवळांतली शिल्पं पाहिलेल्या तुम्हांला त्या अगदी ओळखीच्या वाटतील. मुलांना इथं जरा थांबवा आणि सांगा, की १५६० च्या सुमारास देवळं पाडली जाऊ लागली तेव्हा लोकांनी मंगेशाला कुठ्ठाळीहून आणि शांतादुर्गेला केळशीहून पलीकडच्या मुलखात नेलं. काल आपण ज्या देवीची ओटी भरली, ती तिथं कशी आली हे त्यांना कळायला हवं.

वरच्या मजल्यावर व्हाइसरॉय आणि गव्हर्नरांच्या तसबिरींची रांग आहे. १५४७ साली जुआंव द कास्त्रोनं ही प्रथा सुरू केली. यातल्या काहींचा धनी पोर्तुगालचा नव्हे, स्पेनचा राजा होता बरं का! १५८० ते १६४० अशी साठ वर्षं दोन्ही मुकुट एकाच डोक्यावर होते. त्या काळात वास्को द गामाचा पणतू इथं दोनदा व्हाइसरॉय झाला. नदीकाठच्या कमानीवर त्यानं पणजोबांचा पुतळा बसवला. घराण्याचा अभिमान सगळीकडे सारखाच!

आता तुम्ही म्हणाल, या दाढीवाल्यांशी आपला काय संबंध? आपलं स्वयंपाकघरच बघा ना. मिरची मूळची मेक्सिकोकडची. तो मुलूख स्पेननं जिंकला आणि पोर्तुगीज जहाजांतून मिरची इकडे आली. बटाटा, पाव, अननस हे शब्दही त्यांचेच. घरातली चावी आणि पहिल्या तारखेचा पगारसुद्धा! भिवापुरी मिरचीचा ठसका आज आपण आपलाच म्हणतो. गडचिरोलीच्या कितीतरी बाया दरवर्षी मुलंबाळं घेऊन मिरची तोडायला तेलंगणात जातात. त्यांची तसबीर कुठल्याच भिंतीवर नाही. मुलींना हेही सांगा.

जाण्याआधी दालनं उघडी आहेत का, याची चौकशी करा. डागडुजीसाठी ती कधीकधी बंद असतात. सुती साडी नेसा, पायांत सपाट चपला घाला, पाण्याची बाटली जवळ असू द्या. आणि घरी परतल्यावर मुलांना चंद्रपूरच्या कारागृहातल्या पिंपळाची गोष्ट जरूर सांगा. १८५८ साली इंग्रजांनी बाबुराव शेडमाके यांना तिथं फाशी दिली. जिंकणाऱ्यांच्या तसबिरी पाहून आलेल्या मुलांना आपला पिंपळही ठाऊक असायला हवा.