लोणंद ते तरडगाव

जानेवारीत अण्णांना दोन स्टेंट बसले आणि मार्चमध्ये एके दिवशी जेवताना ते म्हणाले, "औंदा वारीत थोडं चालावं म्हणतो."

आई जेवायची थांबली. आमच्या घरात पायी वारी कुणी केलेली नाही. अण्णा एसटीत ड्रायव्हर होते, २९ वर्षं. आषाढीला जादा गाड्या सुटायच्या आणि नेमक्या त्याच आठवड्यात रजा मागायची सोय नसायची. कऱ्हाड-पंढरपूर, पंढरपूर-कऱ्हाड. स्टँडवर उतरायचं, चहा घ्यायचा, लांबूनच हात जोडायचे आणि गाडी फिरवायची. २०२० मध्ये कोरोनामुळे पायी वारी झाली नाही, माउलींच्या पादुका एसटीनं पंढरपूरला गेल्या. तेव्हा अण्णा टीव्हीच्या अगदी जवळ उभे राहून बघत होते. आम्ही पादुका बघत होतो, त्यांचं लक्ष स्टिअरिंगवर होतं. "नशीबवान गडी," एवढंच म्हणाले.

तर, कुठला टप्पा? आळंदी ते पंढरपूर सुमारे अडीचशे किलोमीटर. सगळं चालायचा प्रश्नच नव्हता. मी इंजिनीअर असल्यामुळे अर्थातच एक्सेल उघडलं. अंतर, चढ, सावली, जवळचं हॉस्पिटल, बसायला जागा, परतीची सोय असे कॉलम केले.

आमच्या ऑफिसमधले बरेच जण आळंदी-पुणे किंवा पुणे-सासवड एक दिवस चालतात, पांढरा कुर्ता, गंध, स्टेटस. मी त्यांना हसत नाही, एक दिवस का होईना ते चालतात. पण पुणे-सासवड म्हणजे तीस-बत्तीस किलोमीटर, एका दिवसातली सगळ्यात लांब मजल, आणि त्यात दिवे घाट. लाल रंग. शेवटचा वाखरी-पंढरपूर टप्पा छोटा आहे, पण वाखरीला सगळ्या पालख्या एकत्र येतात. त्या गर्दीत माणूस चक्कर येऊन पडला तर स्ट्रेचर कुठून आणणार? लाल. सासवड-जेजुरी बरा, सोळा-सतरा किलोमीटर. पिवळा. हिरवा एकच राहिला: लोणंद ते तरडगाव. आठ-नऊ किलोमीटर, सपाट, पालखी दुपारी निघते, आणि वाटेत चांदोबाचा लिंब इथे माउलींच्या सोहळ्यातलं पहिलं उभं रिंगण.

अण्णांनी मोबाइलवर ती रंगीत शीट शांतपणे वर-खाली सरकवली आणि म्हणाले, "दिवे घाट करू की."

नोकरीतली चार वर्षं ते पुण्यात होते, जेजुरीची गाडी चालवायचे. "तो घाट मी दुसऱ्या गिअरवर किती वेळा चढलोय त्याला गणती नाही. वारीच्या दिवशी मात्र आमच्या गाड्या दुसरीकडून वळवायचे. माणसांनी भरलेला घाट मी फोटोतच बघितलाय."

मी म्हणालो, डॉक्टर चढ नको म्हणालेत.

हे पूर्ण खरं नव्हतं. डॉक्टर म्हणाले होते, सपाटीला खुशाल चाला, चढ घ्यायचा असेल तर आधी एक स्ट्रेस टेस्ट करून घेऊ. मी अर्धंच वाक्य घरी आणलं. कारण दिवे घाटाचा दिवस आमच्या रिलीजच्या आठवड्यात येत होता, आणि त्या आठवड्यात रजा मागणं म्हणजे मॅनेजरसमोर बसून आपल्या अप्रेझलविषयी बोलणं. एक्सेलमध्ये तो कॉलम मी केला नव्हता. अण्णा 'बरं' म्हणाले. त्यांनी हट्ट केला असता तर मला सोपं गेलं असतं.

लोणंदला कसं जायचं हे मात्र त्यांनीच सोडवलं. पालखीमुळे रस्ते बंद, म्हणून कऱ्हाडहून रेल्वेनं. जन्मभर एसटी चालवलेला माणूस खिडकीशी बसून म्हणाला, "गाडी लई डुलतीय."

दुपारी लोणंद सोडलं. मी दर अर्ध्या तासानं त्यांच्या मनगटावरचं घड्याळ वाचत होतो, १०४, ११०, १०८. त्यांच्या शेजारून डोक्यावर तुळस घेतलेली एक मावशी चालत होती. अण्णांनी विचारलं, आळंदीपासनं का? "न्हाई बाबा, लोणंदपासनं तरडगावपतोर. दरसाल एवढंच. तितं लेक दिलीया." तिचा टप्पा असा ठरला होता. संध्याकाळी लेकीकडे पिठलं-भाकरी, दुसऱ्या दिवशी घरी.

लिंबापाशी लोक रस्त्याच्या दोन्ही कडांना उभे राहिले, मधे मोकळी वाट. आधी स्वाराचा घोडा गेला, मग माउलींचा, त्याच्या पाठीवर कुणी नसतं. मोजून काही सेकंद. मी व्हिडिओ काढायला फोन वर केला आणि समोरच्याची पताका आडवी आली. घोडे गेल्यावर लोक वाकून टापांखालची माती कपाळाला लावू लागले. अण्णाही वाकले. मी घड्याळ बघायचं विसरलो.

तरडगावात ते एका दिंडीच्या ट्रकच्या फाळक्याला टेकून बसले. ट्रकच्या ड्रायव्हरशी डिझेल, ॲव्हरेज, टायर असं सगळं बोलून झालं. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "ती टेस्ट केली मी. मे महिन्यात."

"कुठली?"

"पट्ट्यावर पळवतात ती. नॉर्मल आली. एकटाच गेलो होतो, तुझ्या आईला सांगू नको."

मला काय बोलावं सुचेना. डॉक्टरांचं उरलेलं अर्धं वाक्य ते स्वतः जाऊन ऐकून आले होते. मी विचारलं, मग मला का नाही सांगितलं? घाट चढलो असतो.

"तुला रजा नव्हती ना." त्यांनी बूट काढून झटकला, आतून बारीक खडा पडला. "रजा न मिळणं मला काय नवीन हाय व्हय?"

फलटणहून मामेभाऊ गाडी घेऊन यायला अजून तास होता. आम्ही चहा मागवला. बिनसाखरेचा एक, असं मी सांगितलं आणि त्यांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

यंदा पालखी पुण्याहून सासवडला निघते त्या दिवसाची रजा मी एप्रिलमध्येच टाकली आहे. पोर्टलवर अजून 'पेंडिंग' दिसतंय. अण्णांनी नवे बूट घेतलेत आणि रोज सकाळी आगाशिवच्या डोंगराच्या पायथ्यापर्यंत जाऊन येतात. आईला सांगतात, भाजी आणायला गेलो होतो.